सायलीला सायलीच राहू द्या

‘ठरलं तर मग’ मालिकेच्या लेखन विभागास आणि स्टार प्रवाह वाहिनीस,



५ डिसेंबर २०२२ रोजी रात्री साडेआठला तुमचा पहिला भाग लागला, तेव्हापासून मी तुमची प्रेक्षक आहे. रोजची मालिका मनापासून बघणाऱ्या माणसाला आपल्याकडे जरा कमी लेखतात, म्हणून सुरुवातीलाच सांगते, की मला ही मालिका आवडते, अर्जुन-सायली आवडतात, आणि त्यांच्या घराचं पुढे काय होणार याची मला खरोखरच काळजी वाटते. त्या काळजीपोटीच हे पत्र लिहायला बसले आहे.

सायली हीच तन्वी किल्लेदार, हे आम्हा प्रेक्षकांना कधीपासूनच ठाऊक आहे. रविराज आणि प्रतिमा यांची लहानपणी अपघातात हरवलेली मुलगी ती. अर्जुनची आजी पूर्णा, तिची सख्खी नात. मालिकेतल्या माणसांपर्यंत मात्र हे सत्य पायरी-पायरीने पोचतं. कुणाला आधी संशय येतो, कुणाला उशिरा, कुणी समोर दिसत असूनही मानत नाही. माझं सगळं म्हणणं या एका सत्याभोवती आहे. ते उघड व्हायलाच हवं. पण सायलीने आजवर स्वतः कमावलेलं सगळं त्या दिवशी तन्वीच्या नावावर जमा होऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

ही विनंती का, हे कळण्यासाठी आधी मला काय आवडलं ते सांगते.

पूर्णा आजीने मनात धरलेल्या तन्वीशी अर्जुन सुभेदारला लग्न करायचं नव्हतं. सायलीला आश्रमात वाढवणारे मधुभाऊ खुनाच्या आरोपात अडकले होते, त्यांच्यासाठी तिला खंबीर वकील हवा होता. दोघांची गरज कागदावर उतरली आणि कराराचं लग्न झालं. कथेचा हा सांगाडा सन टीव्हीच्या ‘रोजा’ या तमिळ मालिकेतून आला, आणि करारातून फुललेलं प्रेम तर त्याआधीही कितीतरी वेळा पडद्यावर आलं आहे. तुम्ही त्यात जे भरलंत ते मात्र तुमचं आहे. एरवी मालिकेत मंगळसूत्र गळ्यात पडलं की नवऱ्याला सगळे हक्क आपोआप मिळतात. इथे खोली एक, माणसं दोन, आणि कुणाचाच कुणावर हक्क नाही. त्यामुळे अर्जुनला विचारावं लागलं. तिच्या वतीने बोलायचं तर विचारायचं, तिच्या दुःखात शिरायचं तर विचारायचं. तिचं ‘अर्जुन सर’ आणि त्याचं ‘मिसेस सायली’ त्या अंतरातून आलं, आणि जीव जडल्यावरही दोघांनी ते सोडलं नाही, हे मला फार लोभस वाटतं. कोर्टात पुराव्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा हा माणूस स्वतःच्या मनाचा पुरावा समोर असून ओळखत नाही, ते त्याला मित्राने, चैतन्यने, सांगावं लागतं. अर्जुन साकारणाऱ्या अमित भानुशालींनी ही गोंधळलेली हुशारी फार गोड केली आहे. जुई गडकरींना मी ‘पुढचं पाऊल’मधली कल्याणी म्हणून ओळखत होते. त्यांची सायली कल्याणीपेक्षा शांत आहे, पण अन्याय दिसला की हीच मुलगी मान खाली न घालता बोलते. माझ्या मते मालिकेचा सगळ्यात सुंदर काळ तो सुरुवातीचाच होता. नंतरच्या काही महिन्यांत कटकारस्थानांनी जागा अडवली, नजरानजरेचे प्रसंगही फार लांबले. पण त्या दोघांमधला आदर तुम्ही कधी सांडू दिला नाहीत.

तो करार उघडा पडला तेव्हाचे भाग मी विसरणार नाही. प्राजक्ता दिघे यांनी साकारलेली अर्जुनची आई, कल्पना, त्या दिवसांत मला सायलीइतकीच जवळची वाटली. या बाईने सुनेला लेकीच्या जागी बसवलं होतं, म्हणून फसवणूक तिला लेकीने केल्यासारखी लागली. परक्या माणसाने फसवलं असतं तर ती चिडली असती आणि विसरली असती. सायलीही खोटी नव्हती. मधुभाऊंना वाचवायला तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. दोघी आपापल्या जागी बरोबर, आणि तरीही दोघींमध्ये बोलायला शब्द उरलेले नाहीत. अशी अडचण खलनायकाने रचलेल्या कुठल्याही कटापेक्षा मोठी असते. आमच्या घरात त्या आठवड्यात जेवताना वाद झाले, कोण बरोबर यावर. सासूबाई कल्पनाच्या बाजूने, मी सायलीच्या. शेवटी आम्ही दोघींनी मान्य केलं, की दुखावली गेली ती माया होती, आणि ती रक्ताची नव्हती.

रक्ताची नव्हती, हे मला इथे ठळक करायचं आहे. तुमच्या मालिकेतली जी जी नाती प्रेक्षकांच्या मनात घर करून आहेत, ती सगळी जोडलेली आहेत. मधुभाऊ आणि सायली. सायली आणि तिची जिवाभावाची कुसुम. कल्पना आणि सायली. अर्जुन आणि चैतन्य. आणि रक्ताची नाती? तिथे नागराजसारखा भाऊ आहे, जो सख्ख्या भावाच्या घरात खोटी मुलगी आणून बसवण्यात सामील होतो. तीन वर्षं तुम्ही आम्हाला एक गोष्ट नकळत शिकवत आलात, की माणूस आपला होतो तो वागण्याने. आता कथा ज्या उलगड्याकडे सरकते, तिथे बरोबर उलटी गोष्ट शिकवली जाण्याचा धोका आहे.

हा धोका मला दोन ठिकाणी दिसतो.

पहिलं ठिकाण प्रतिमा. स्मृती हरवलेली प्रतिमा जेव्हा घरात आली, तेव्हा सायलीने तिची सेवा केली ती कुणाचीतरी हरवलेली आई म्हणून. आपली आई म्हणून नव्हे, कारण ते तिला माहीतच नव्हतं. आश्रमात वाढलेल्या मुलीला बाहेरच्या जगात हरवलेलं, गोंधळलेलं माणूस पटकन ओळखू येतं, हे मला तिच्या वागण्यातून पटलं. मालिकांच्या जगात अशा प्रसंगाला एक तयार उत्तर असतं, रक्त रक्ताला ओढतं. ते उत्तर वापरलं की सायलीची करुणा तिची राहत नाही. ती जन्मातून आलेली ओढ ठरते, आणि मधुभाऊंनी तिला वाढवताना जे दिलं ते पुसलं जातं. प्रतिमाचं काम करणाऱ्या शिल्पा नवलकर स्वतः लेखिका आहेत, म्हणून या जागी माझी आशा जास्त आहे. त्या पात्राच्या डोळ्यांत अजूनपर्यंत ओळख दिसण्याआधी कृतज्ञता दिसते, आणि तो क्रम तसाच राहावा.

दुसरं ठिकाण अधिक अवघड आहे. ते म्हणजे तन्वी बनून घरात शिरलेली प्रिया. सायली वाढली त्याच वात्सल्य आश्रमात प्रियाही वाढली. त्याच मधुभाऊंच्या हाताखाली, त्याच पंगतीत. एकीने घर मिळावं म्हणून खोटं नाव घेतलं, दुसरीने मधुभाऊंसाठी खोटं लग्न केलं. प्रियांका तेंडोलकर हे पात्र इतक्या ताकदीने करतात की तिचा राग येतो, आणि तो यायलाच हवा. तिने केलेले गुन्हे लहान नाहीत. पण सायली ही मोठ्या वकिलाची मुलगी निघाली आणि प्रिया आश्रमाचीच राहिली, एवढ्यावर गोष्ट संपली, तर बघणाऱ्याच्या मनात काय शिल्लक राहील? चांगली होती ती मुळात चांगल्या घरातली होती, आणि जिला खरंच कुणी नव्हतं ती वाईट निघाली. तुमच्यापैकी कुणाच्याही मनात हे नसणार, याची मला खात्री आहे. तरी पडद्यावर ते तसंच उमटेल.

याची झळ मला का लागते, ते सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी दत्तक आहे. तिला लहानपणापासून सगळं सांगितलेलं आहे, त्यात लपवण्यासारखं आमच्या घरात कुणाला काही वाटत नाही. ती आता कॉलेजात जाते आणि सुट्टीत आमच्याकडे आली की आमच्यासोबत मालिका बघते. एकदा सायलीचा विषय निघाला तेव्हा तिने सहज विचारलं, “मावशी, समज, ती तन्वी निघालीच नसती तर? मग ते लोक तिच्याशी कसं वागले असते?” आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. मी तिला म्हटलं की अर्जुनचं प्रेम तर तन्वीवर नाही, उलट तन्वी टाळायलाच त्याने सायलीशी लग्न केलं. ते तिला पटलं. “अर्जुनचं सोड,” ती म्हणाली, “बाकीच्यांचं सांग.” बाकीच्यांचं मला सांगता आलं नाही. ते तुम्हीच सांगू शकता, म्हणून तिचा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते आहे.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. बाल न्याय कायद्याप्रमाणे बालगृहात वाढणारं मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला ते घर सोडावं लागतं. अनुरक्षण गृहाचा आधार मिळाला तर साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर भाड्याची खोली, नोकरी, लग्न, सगळीकडे पहिला प्रश्न तोच, कुणाची तू? आडनाव काय, जात काय, गाव कुठलं? गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे स्पर्धा परीक्षेच्या वाटेवर याच प्रश्नाला अडल्या. त्यांच्याकडे दाखवायला कुठलाच प्रवर्ग नव्हता. त्यांनी तो प्रश्न मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला आणि २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अनाथ मुलांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केलं. हे त्यांनी कुणाची हरवलेली मुलगी निघून मिळवलं नाही. आपल्याला कुणी नाही, हीच वस्तुस्थिती समोर ठेवून, त्या वस्तुस्थितीच्या बळावरच हक्क मागितला. सायलीला टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला ही दुसरी गोष्टही माहीत असावी असं मला वाटतं.

कायदा तर याबाबतीत आपल्या मालिकांच्या फार पुढे आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तक मूल दत्तकाच्या दिवसापासून सगळ्या बाबतींत त्या घरचंच मूल ठरतं. कायद्याला डीएनए चाचणी लागत नाही. आपल्या पडद्यावर मात्र शेवटचा निकाल तीच चाचणी देते.

पूर्णा आजींविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १६ ऑगस्ट २०२५ ला पुण्यात ज्योती चांदेकर गेल्या, तेव्हा आमच्या घरात कुणी नात्यातलं गेल्यासारखं झालं. त्यांची पूर्णा आजी हट्टी होती, करारी होती, नातीच्या नावाने हळवी होणारी होती. ज्या तन्वीसाठी तिने जीव टाकला, ती रोज तिच्या डोळ्यांसमोर वावरत होती आणि आजी तिला अनाथ मुलगी म्हणून दूर ठेवत होती. सायलीला जवळ करायला तिला किती काळ लागला! त्या दुराव्याचे प्रसंग बघताना मला दरवेळी एक आठवण व्हायची. २०१० च्या ‘मी सिंधुताई सपकाळ’ या चित्रपटात तरुण सिंधुताई तेजस्विनी पंडित होत्या आणि उतारवयातल्या सिंधुताई होत्या त्यांच्या आई, ज्योती चांदेकर. हजारो अनाथ मुलांना पोटाशी धरणारी माई ज्या चेहऱ्याने उभी केली, त्याच चेहऱ्याने पुढे घराण्याची नात शोधणारी आजी उभी केली. दोन्ही भूमिका खऱ्या वाटल्या, यात त्या अभिनेत्रीचं मोठेपण आहे. आणि मला वाटत राहिलं, की पूर्णा आजीच्या आत कुठेतरी ती माई आहे, ती एक दिवस बाहेर येईल आणि सायलीला म्हणेल, “तू तन्वी नसलीस तरी चालेल.” ज्योतीताईंच्या तोंडून ते वाक्य ऐकायची माझी इच्छा राहून गेली. पण पूर्णा आजी हे पात्र तुमच्या कथेतलं आहे, आणि वाक्य लिहायचं तर तुमच्याच हातात आहे.

आपल्याकडे या गोष्टीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा नमुना महाभारतात आहे. युद्धाच्या तोंडावर कृष्ण कर्णाला सांगतो, तू कुंतीचा मुलगा आहेस, पांडवांचा थोरला भाऊ आहेस, राज्य तुझं आहे. कर्ण ते ऐकतो, खोटं म्हणत नाही, आणि तरी राधा आणि अधिरथ हेच आपले आईवडील म्हणून ठाम राहतो. ज्या आईने वाढवलं तिच्या नावाने तो राधेय म्हणवून घेतो, आणि मराठी वाचकांच्या पिढ्या त्याच्यावर प्रेम करत आल्या त्या मुख्यतः याच एका क्षणासाठी. आपल्या प्रेक्षकाला हे कळत नाही, त्याला फक्त मिठ्या आणि अश्रू हवेत, असं कृपा करून समजू नका. कर्णाची गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकलेला प्रेक्षक आहे हा.

म्हणून माझं मागणं अगदी नेमकं आहे, आणि ते लिहायला अवघड नाही.

ओळख पटण्याचा प्रसंग आणि स्वीकाराचा प्रसंग एक करू नका. ज्याला ज्याला सायलीविषयी अढी होती, त्याने ती सत्य कळण्याआधी सोडलेली असावी. ज्याची सुटली नसेल, त्याला सत्य कळल्यानंतर पश्चात्ताप करायला वेळ द्या, घाई करू नका. “तू आमची निघालीस” म्हणणाऱ्याला सायलीने विचारावं, की काल मी कुणाची होते? हा प्रश्न ती रागाने विचारणार नाही, तिचा स्वभाव तो नाही. पण तो विचारल्याशिवाय तिने कुणाच्याही गळ्यात पडू नये. अर्जुनचा भाऊ अश्विन, ज्याने तन्वी समजून प्रियाशी लग्न केलं, त्याच्याही वाट्याला विचार करायला लावणारे दोन प्रसंग यावेत. नाव बघून घेतलेल्या निर्णयाची किंमत या घरात सगळ्यांत जास्त त्याने मोजली आहे.

रविराज किल्लेदार हे मोठे वकील आहेत, सागर तळाशीकरांनी त्यांना एक धीरगंभीर रुबाब दिला आहे. मुलगी सापडल्यावर त्यांनी सगळ्यात आधी मधुभाऊंकडे जावं. मधुभाऊंनी त्या मुलीसाठी काय सोसलं, हे कोर्टाच्या कागदपत्रांमधून रविराज यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. खुनाचा आरोप, तुरुंग, आश्रमाची बदनामी, आणि मग कुठे सुटका. नारायण जाधव यांचे मधुभाऊ निर्दोष सुटले त्या भागात मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्या माणसाला पुढे ‘पूर्वी सायलीला सांभाळलेले गृहस्थ’ एवढंच स्थान उरलं तर ते फार वाईट दिसेल. किल्लेदारांच्या घरात सणवार असेल, सुभेदारांकडे पूजा असेल, तर वडिलांच्या जागी दोघंही बसलेले दिसू द्या. सायली बाबा दोघांना म्हणेल. प्रेक्षक मुळीच गोंधळणार नाही.

आणि प्रियासाठी एक प्रसंग मागते. शिक्षा तिला व्हावीच. पण शिक्षेनंतर कधीतरी मधुभाऊ तिला भेटायला गेलेले दाखवा. आश्रम चालवणारा माणूस मुलांमध्ये निवड करत नाही. ज्याने तिच्यामुळे इतकं भोगलं तोच तिच्यासमोर बसून विचारेल, की बाई, तुला आमच्यात काय कमी पडलं? प्रियाने काय उत्तर द्यावं हे मी सुचवणार नाही. ती चिडून पाठ फिरवेल, काही बोलणारही नाही कदाचित. पण हा प्रश्न विचारला गेला, म्हणजे ती आश्रमातली आहे म्हणून वाईट झाली नाही, हे घराघरात कळेल. माझी भाची तो भाग बघायला मुद्दाम येईल, असं मी तुम्हाला खात्रीने सांगते.

शेवटी अर्जुनविषयी. तो मिसेस सायलींना मिसेस तन्वी म्हणणार नाही, हे तुम्ही पक्कं ठरवलेलं असेलच. तरी लिहून ठेवते. घरात, कोर्टात, पाहुण्यांसमोर, आनंदात, भांडणात, कुठल्याही भागात ते नाव बदलू नका. कागदोपत्री ती तन्वी रविराज किल्लेदार होईल तेव्हा होवो. अर्जुनने तिला ज्या नावाने पहिल्यांदा हाक मारली, त्याच नावाने ती त्याला ओ देईल.

आपली,
नाशिकची एक नियमित प्रेक्षक